आरसी ड्रिफ्टसाठी चॅसिस कोणती घ्यावी: खान्देशातल्या नव्या मंडळींसाठी

ड्रिफ्टची आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीची घेऊ?" खरं तर हा प्रश्न चौथा किंवा पाचवा. गाडी कोणत्या फरशीवर फिरणार, जागा किती, सोबतची मंडळी कोणते टायर वापरतात आणि पुढचा आर्म (चाक धरणारा हात) तुटला तर नवा किती दिवसांत हातात पडेल, हे आधी ठरवा. त्याआधी चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मागवली तर ती चांगली असूनही मनासारखी चालणार नाही, आणि दोष चॅसिसच्या माथी जाईल.

अगदीच नवखे असाल तर एवढं समजून घ्या. रेसच्या आरसी गाडीला रबरी टायर असतात आणि ते जमीन धरून ठेवतात. ड्रिफ्टच्या गाडीला कडक प्लास्टिकचे टायर असतात, ते मुद्दाम घसरतात. मागचा भाग बाहेर फेकला जातो, पुढची चाकं त्याच बाजूला वळतात आणि गाडी आडवी होऊन पुढे जात राहते. या खेळात वेगाला फारसं महत्त्व नाही. घसरण किती वेळ आणि किती स्वच्छ हातात ठेवता, हे बघितलं जातं.

१. आधी फरशी बघा

तयार ट्रॅकची वाट बघत बसू नका. मंगल कार्यालयाचा हॉल, शाळेचं सभागृह, अपार्टमेंटचं तळपार्किंग, एमआयडीसीतल्या ओळखीच्या गोडाऊनचा कोबा, यातली एखादी जागा मिळतेच. लग्नसराईत हॉल मिळणार नाही. चातुर्मासात मात्र लग्नं नसतात, हॉल रिकामे असतात आणि बाहेर पाऊस असतो, म्हणून मालकाशी बोलून ठेवायचा तोच काळ.

पॉलिश केलेला कोटा, व्हिट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइट यांवर पकड फार कमी. गाडी सावकाश घसरते, टायर महिनोन्‌महिने टिकतात आणि शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. अडचण सांध्यांची असते. दोन फरशांमध्ये एक-दीड मिलिमीटरची उंची असली तरी कडक प्लास्टिकचे टायर तिथे आदळतात. सगळ्या हॉलभर अनवाणी चालून बघा, उंचवटा पायाला लगेच कळतो. अशा फरशीसाठी मागच्या चाकांवर जास्त वजन येणारी चॅसिस हवी. नाहीतर चाकं जागेवर फिरत राहतात आणि गाडी पुढे सरकत नाही.

ट्रिमिक्सचा कोबा मध्यम पकडीचा. चार-पाच जणांचा गट जमणार असेल तर हीच जागा उत्तम, कारण गाड्यांचा वेग एकसारखा राहतो. नव्या कोब्यावरून पांढरी पूड सुटते. ती झाडली नाही तर पहिल्या तासात एक पकड आणि तिसऱ्या तासात दुसरीच, असं होतं.

साधी, घोटाई न केलेली शहाबादी फरशी या दोन्हींच्या मधली. कडा तुटलेल्या नसतील तर चालेल.

डांबरी रस्ता टायर खातो आणि खडे उडून गिअरमध्ये जातात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, उन्हातलं डांबर ६० च्या पुढे जातं. बाहेरच फिरवायची असेल तर सकाळी सातच्या आत. पेव्हर ब्लॉकवर ड्रिफ्ट होत नाही, तो नाद सोडा.

जागेचं माप असं धरा: १/१० आकाराच्या गाडीला दोन वळणं नीट जोडायची तर साधारण ५ × ८ मीटर लागतात. ३ × ३ मीटरमध्ये नुसते गोल फिरता येतात. सुरुवातीला तेही वाईट नाही.

आपल्याकडची धूळ आणि तंतू हिशेबात धरा. काळ्या मातीची बारीक धूळ ग्रीस लावलेल्या गिअरला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी काम करते. जिनिंगच्या हंगामात गोडाऊनमध्ये कापसाचे तंतू उडतात, ते मागच्या ॲक्सलभोवती गुंडाळले जाऊन बेअरिंग जाम करतात. म्हणून इथे उघड्या बेल्टपेक्षा बंद गिअरबॉक्सची चॅसिस बरी.

२. आकार ठरवा

मोठी जागा मिळणार असेल तर १/१०. सुटे भाग, बॉडी (वरचं कवच), टायर, सगळं याच आकारात सर्वांत जास्त मिळतं. जागा घरातल्या हॉलएवढीच असेल तर १/२७ किंवा १/२८. क्योशोची मिनी-झी किंवा ॲटॉमिकची डीआरझेड याच वर्गातल्या. लहान गाडीचा खर्च कमी असतो, पण सेटिंग फार बारीक; अर्ध्या मिलिमीटरच्या वॉशरनेही वागणं बदलतं. पुढचं सगळं १/१० बद्दल आहे.

३. चारही चाकं की फक्त मागची

जुन्या ड्रिफ्ट गाड्या फोर-व्हील ड्राइव्ह होत्या. पुढची-मागची चाकं सारख्या वेगाने फिरत, त्याला ५०:५० म्हणतात. मग मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरवायची पद्धत आली, म्हणजे काउंटरस्टिअर. मागचं प्रमाण दीडपट-दुप्पट वाढवत नेलं तसा गाडीचा कोन खऱ्या ड्रिफ्ट कारसारखा दिसू लागला. जायरो (मागचा भाग सुटताच आपोआप उलट स्टिअरिंग देणारं छोटं उपकरण) स्वस्त आणि चांगले झाल्यावर लोक सरळ रिअर-व्हील ड्राइव्हवर, म्हणजे आरडब्ल्यूडीवर, गेले. आज ड्रिफ्टच्या कुठल्याही गटात गेलात तर बहुतेक गाड्या आरडब्ल्यूडी असतात.

इथे नवखे दोन प्रकारे फसतात. एक, "शिकायला फोर-व्हील सोपी" म्हणून ती घेतात. सोपी आहे हे खरं, पण तिच्यात थ्रॉटल (एक्सलरेटर) दाबून ठेवायची सवय लागते आणि आरडब्ल्यूडीवर आल्यावर ती मोडायला वेळ जातो. शिवाय एका गटात दोन्ही प्रकारच्या गाड्या जवळजवळ चालवता येत नाहीत, कारण वळणातला वेग आणि कोन जुळत नाही. दोन, आरडब्ल्यूडी घेतात पण जायरो वगळतात. मागचा भाग इतक्या झटक्यात फिरतो की बोटांनी वेळेवर उलट स्टिअरिंग देणं नवख्याला शक्य नसतं. आरडब्ल्यूडी म्हणजे जायरो आलाच, तो बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

फोर-व्हील घ्यायचं एकच पटणारं कारण: जागा फक्त डांबरी आहे आणि सोबतीला कोणी नाही.

४. चॅसिस हातात घेऊन काय बघायचं

स्टिअरिंगचा कोन. पुढची चाकं हाताने पूर्ण वळवून बघा. साधी टूरिंग, म्हणजे रेसची, गाडी ३० अंशांच्या आसपास थांबते, ड्रिफ्टच्या चॅसिसला ६० किंवा जास्त हवेत. कोन कमी असेल तर गाडी थोडी जास्त आडवी झाली की सरळ गिरकी घेते. पूर्ण वळल्यावर टायरची आतली कड आर्मला किंवा शॉक ॲब्झॉर्बरला घासते का, हेही बघा. फोटोत हे दिसत नाही, विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा.

स्टिअरिंगची रचना. दोन प्रकार असतात: बेलक्रँक, म्हणजे दोन फिरते हात, आणि स्लाइड रॅक, म्हणजे सरळ सरकणारी पट्टी. स्लाइड रॅकमध्ये दोन्ही बाजूंचा कोन सारखा मिळतो आणि हालचाल एकसारखी राहते. पण तिच्या रुळात धूळ बसली की ती अडखळते आणि जायरोचं काम बिघडतं. धुळीच्या जागेत बेअरिंगवर फिरणारा बेलक्रँक कमी त्रास देतो. पहिल्या गाडीला तो पुरेसा आहे; दुकानदार "स्लाइड रॅक घ्याच" म्हणाला तरी घाई करू नका.

मोटर कुठे बसते. मोटर मागच्या ॲक्सलच्या जवळ आणि उंच असेल तर वजन मागच्या टायरवर येतं आणि गुळगुळीत फरशीवर गाडी पुढे रेटली जाते. मोटर मध्यभागी आणि खाली असेल तर गाडी झटपट दिशा बदलते, पण तिला पकड असलेली जमीन लागते. हॉलमध्ये चालवणाऱ्याने मागे मोटर असलेली, कार्पेटवर चालवणाऱ्याने मधली. काही चॅसिसमध्ये मोटरची जागा बदलता येते. जागा नक्की ठरली नसेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

मागचा डिफ, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. ड्रिफ्टमध्ये मागची दोन्ही चाकं जवळजवळ एकत्र फिरली पाहिजेत. काही चॅसिसना घट्ट आवळलेला बॉल डिफ असतो, काहींना गिअर डिफ, काहींना सरळ स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं पक्की जोडणारा भाग. पहिल्या गाडीला स्पूल किंवा लॉक केलेला डिफ घ्या. सैल डिफमध्ये एक चाक फिरतं, दुसरं थांबतं आणि गाडी का सुटली ते कळत नाही.

प्लास्टिक की कार्बन. साच्यातल्या प्लास्टिकची चॅसिस थोडी वाकते आणि आदळल्यावर सहसा तुटत नाही. कार्बनची प्लेट कडक असते, सेटिंगचा परिणाम स्वच्छ दिसतो, पण किंमत वाढते आणि कडा घासल्यावर थर सुटतात. कार्बन वीज वाहून नेतो. वायरीचं इन्सुलेशन कडेवर घासू देऊ नका. शिकताना भिंतीला आणि खांबाला गाडी लागणारच. पहिली चॅसिस प्लास्टिकचीच घ्या.

बॅटरीची जागा. यात बरेच जण अडकतात. बहुतेक आरडब्ल्यूडी चॅसिसमध्ये आखूड, म्हणजे शॉर्टी पॅक बसतो, साधारण ९६ × ४७ × २५ मिलिमीटरचा. जुन्या गाडीचा लांब पॅक सुमारे १३८ मिलिमीटरचा असतो, तो बसत नाही. बॅटरी आधी घेऊ नका.

व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) आणि रुंदी. १/१० ड्रिफ्टमध्ये २५७ मिलिमीटर व्हीलबेस सर्वांत जास्त चालतो. बॉडीची रुंदी १९० ते २०० मिलिमीटर असते आणि त्याप्रमाणे रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती बाहेर येतो ते, बदलतो. मनात एखादी ठरावीक बॉडी असेल तर तिचा व्हीलबेस आधी बघा. चाक बसवायचा षटकोनी हेक्स १२ मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे रिम बहुतेक सगळ्या चॅसिसवर बसतात.

काय बदलता येतं. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कास्टर (स्टिअरिंगच्या खुंटीचा मागे कल), टो (चाकं आत वळलेली की बाहेर), शॉकची जागा आणि गाडीची उंची हे स्क्रू फिरवून बदलता आलं पाहिजे. वरचे आर्म टर्नबकलचे, म्हणजे फिरवून लांबी बदलता येणारे, असतील तर चांगलं. अगदी स्वस्त गाड्यांत ते ठरावीक लांबीचे प्लास्टिकचे असतात, मग कॅम्बर बदलायला नवा भाग घ्यावा लागतो.

५. यादीत कोणत्या ठेवाव्यात

तैवानच्या एमएसटीची आरएमएक्स मालिका नवख्यांसाठी बरी. आरएमएक्स २.० तयार गाडी म्हणूनही मिळते आणि सुट्या किट म्हणूनही, पुढची २.५ तिच्यावरूनच आलेली. जपानच्या योकोमोची वायडी-२ अनेक वर्षं या खेळात सगळीकडे दिसली. नव्यांसाठी त्याच कंपनीची आरडी मालिका आहे, यातला आर म्हणजे रूकी. थ्रीरेसिंगची साकुरा डी४ किंवा डी५ हा कमी पैशांतला रस्ता. जोडताना शिम (पातळ चकत्या) लावून सांधे नीट बसवायची तयारी ठेवा. टामियाची टीटी-०२डी ही शाफ्टवर चालणारी फोर-व्हील गाडी. मजबूत आहे, पण स्टिअरिंगचा कोन मर्यादित, म्हणून वर सांगितलेल्या डांबरवाल्यासाठीच.

ओव्हरडोजची गाल्म, योकोमोची एमडी या वरच्या वर्गातल्या. पहिल्या वर्षात या घेण्यात अर्थ नाही. चॅसिस जे सांगते ते हाताला कळायलाच काही महिने जातात.

जुनी गाडी घेत असाल तर मागचं चाक हातात धरून पुढे-मागे हलवा. खुळखुळ जास्त असेल तर ॲक्सल किंवा डॉगबोन (चाक फिरवणारा दांडा) झिजलेत. पुढचे नकल (चाक धरून वळणारे भाग) आणि त्यांचे पिन बघा, स्क्रूची डोकी घासलेली आहेत का बघा. घासलेली असतील तर आधीच्या मालकाने चुकीचा पाना वापरला आहे आणि उघडताना तुमचा दिवस जाईल.

६. सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारा

चॅसिसचं नाव ठरल्यावर पैसे भरायच्या आधी हे भाग भारतात कुणाकडे शिल्लक आहेत ते विचारा: पुढचे खालचे आर्म, स्टिअरिंग नकल, बॉल एंड (सांध्यांची गोल टोकं), पुढचा बंपर, बॉडी पोस्ट, मागचा डॉगबोन, स्पर गिअर (मोटरने फिरणारा मोठा गिअर). "मागवून देतो" म्हणजे नाही, असं धरा. सातपैकी चार तयार मिळत नसतील तर ती चॅसिस कितीही चांगली असली तरी सोडा. मुंबई-पुण्याहून जळगाव, धुळे, नंदुरबारला पार्सल यायला काही दिवस लागतात, तेवढं चालतं. परदेशातून येणाऱ्या साठ रुपयांच्या प्लास्टिकसाठी महिना थांबणं नाही चालत.

खरेदीच्या वेळीच आर्मची एक जोडी, नकलची एक जोडी आणि बॉल एंडचं एक पाकीट घेऊन ठेवा.

काही गोष्टी आपल्याकडेही मिळतात. एम३ चे ॲलन स्क्रू मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. घेताना मोजून घ्या, कारण ८, १० आणि १२ मिलिमीटर लांबी सर्वांत जास्त लागते. ५ × १० × ४ मिलिमीटरचं बेअरिंग अनेक गाड्यांत असतं, बेअरिंगच्या दुकानात एमआर१०५ हा नंबर सांगा.

७. चॅसिस सोडून काय काय लागेल

किट घेतली तर डब्यात सहसा फक्त चॅसिस असते. हा धक्का बऱ्याच जणांना बसतो. एकूण बजेटचा निम्मा भागसुद्धा चॅसिसवर घालू नका. बाकीचं हे लागतं:

– मोटर: सेन्सर असलेली ब्रशलेस, १३.५ टर्न. टर्न कमी तशी मोटर जास्त वेगाची. हॉलमध्ये १०.५ च्या खाली जाऊ नका.
– ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र): सेन्सर असलेला, ६० अँपिअरचा पुरतो. सेन्सर नसलेला घेतला तर अगदी कमी वेगात मोटर अडखळते आणि ड्रिफ्टमध्ये सगळा खेळ त्याच वेगात असतो.
– सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर): डिजिटल, लो-प्रोफाइल, ६० अंश फिरायला ०.१० सेकंद किंवा कमी घेणारा. ताकद फार नको, चपळाई हवी. सर्व्हो मंद असेल तर महागडा जायरोही वाया जातो.
– जायरो: ड्रिफ्टसाठी बनवलेला. हेलिकॉप्टरचा जुना जायरो लावू नका.
– रिमोट: किमान तीन चॅनलचा. तिसऱ्या चॅनलवरून जायरोचा गेन, म्हणजे तो किती जोर लावतो ते, चालता-चालता बदलता येतो. दोन चॅनलचा असेल तर दर वेळी बॉडी काढून जायरोवरची चकती फिरवावी लागेल.
– बॅटरी: २एस (दोन सेलची) लायपो (लिथियम पॉलिमर) शॉर्टी, ७.४ व्होल्ट, बॅलन्स चार्जर आणि आगीपासून वाचवणारी पिशवी.
– बॉडी: पॉलिकार्बोनेटची. रंग आतून मारायचा आणि तोही पॉलिकार्बोनेटचाच. साधा स्प्रे पेंट वाकल्यावर पोपड्यांनी निघतो.
– पिनियन (मोटरवरचा लहान गिअर): दोन-तीन मापांचे.

पिनियनमध्ये एक सापळा आहे. पिच म्हणजे दातांचं माप. स्पर ४८ पिचचा असेल तर पिनियनही ४८ पिचचा हवा. ६४ पिचचा बसल्यासारखा वाटतो आणि पाच मिनिटांत दात साफ करतो. टामियाचं मोड्यूल ०.६ हे आणखी वेगळं माप.

गिअरचा हिशेब सोपा आहे: स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण. आतलं प्रमाण चॅसिसच्या माहितीपत्रकात असतं. उत्तर सहा ते आठच्या दरम्यान ठेवून सुरुवात करा आणि दहा मिनिटांनी मोटरला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर एक-दोन दात लहान पिनियन लावा.

८. परदेशातून मागवायची असेल तर

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर जीएसटी वेगळा. दर आणि वर्गवारी बदलत असते, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशीचे दर बघा. "गिफ्ट लिहून पाठवा" हा सल्ला ऐकू नका, त्याने शुल्क टळत नाही आणि पार्सल मात्र अडकतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे रंगीत डब्यातली तयार गाडी, जी खेळणं म्हणूनच मोजली जाते, ती सुट्या किटपेक्षा जास्त अडचणीत येऊ शकते.

रिमोट बाहेरून मागवू नका. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात विनापरवाना वापरता येतो, पण वायरलेस उपकरण आयात करायला डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस विभागाची ईटीए नावाची मंजुरी लागते. बॅटरीही इथेच घ्या, लायपोला विमानाने पाठवायचे निर्बंध कडक आहेत.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

– आधार आणि पॅन, कुरिअरच्या केवायसीसाठी. पत्ता पार्सलवरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे.
– विक्रेत्याचं इनव्हॉइस, त्यात प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत वेगळी.
– पैसे भरल्याचा पुरावा, म्हणजे बँकेचा किंवा कार्डाचा उतारा.
– वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट. किंमत कमी दाखवली असा संशय आला तर हाच उपयोगी पडतो.

९. टायर: जळगावचा पाइप

या खेळाच्या सुरुवातीच्या काळात बरेच जण पीव्हीसी पाइप कापूनच टायर बनवत. आपलं जळगाव पाइपांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे इथे या प्रयोगाला खर्च जवळपास शून्य. शेतीच्या कामाचा ६३ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पातळ भिंतीचा पाइप घ्या. ड्रिफ्ट टायरचा व्यासही साधारण तेवढाच असतो.

नुसत्या रिमवर पाइपची कडी सैल होते, कारण रिम सुमारे ५२ मिलिमीटरचा असतो. त्यासाठी जुने, झिजलेले रबरी टूरिंग टायर लावलेले रिम घ्या. पाइपचे २५ मिलिमीटर रुंदीचे चार तुकडे करा. हॅकसॉने कापताना पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा, म्हणजे काप तिरका जाणार नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही कडा घासा. पूड नाकात जाऊ देऊ नका, फडकं बांधा. कडी गरम पाण्यात थोडी मऊ करून रबरी टायरवर दाबून चढवा. रबर आवळून तिला धरून ठेवतं. मागचे दोन्ही टायर व्हर्नियरने मोजा. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी लॉक केलेल्या डिफवर गाडी एका बाजूला ओढते.

एचडीपीईचा काळा पाइप पीव्हीसीपेक्षा जास्त निसरडा. खडबडीत कोब्यावर तो चांगला, टाइलवर मात्र गाडी जागची हलत नाही.

हे टायर एकट्याने शिकायला ठीक आहेत. गटात उतरायचं असेल तर सगळे जे टायर वापरतात तेच घ्या. तिथे चॅसिस वेगळी असली तरी चालते, टायर वेगळा असला की शेजारच्या गाडीबरोबर वळण घेताच येत नाही.

१०. जोडणी आणि पहिली चाचणी

हत्यारं: १.५, २.० आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर, ५.५ आणि ७ मिलिमीटरचे नट ड्रायव्हर, टोकदार पक्कड, व्हर्नियर, बॉडीची वळणदार कात्री, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), सोल्डरिंग आयर्न. सायकलच्या दुकानातल्या एल आकाराच्या स्वस्त चाव्यांनी हे काम करू नका, स्क्रूची डोकी घासतात. थ्रेडलॉक फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला लावा. प्लास्टिकला लावलं तर प्लास्टिक तडकतं.

सर्व्होचा हात बसवण्याआधी रिमोट चालू करून सर्व्हो मध्यावर आणा, मग हात लावा. त्यानंतर रिमोटमधली शेवटची मर्यादा, म्हणजे ईपीए, अशी ठेवा की चाकं टोकाला पोचल्यावर सर्व्हो गुरगुरणार नाही. गुरगुरत राहिला तर तो तासाभरात जळतो.

आता जायरोची दिशा. पहिल्याच दिवशी "भाऊ, गाडी नुसती गोलगोल फिरते" अशी तक्रार आली तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं. गाडी जमिनीवरून उचला आणि नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत. डावीकडे वळली तर जायरो उलटा आहे. जायरोवरचं रिव्हर्सचं बटण बदला. रिमोटमधलं स्टिअरिंग रिव्हर्स त्यासाठी वापरू नका, तो वेगळा विषय आहे. गाडी चालू करताना दोन-तीन सेकंद अजिबात हलवू नका, जायरो त्या वेळात आपला मध्य शोधतो.

सुरुवातीची मापं: गाडीची उंची ५ मिलिमीटर, पुढचा कॅम्बर उणे ७ अंश, मागचा उणे २, कास्टर ६ ते ८. शॉकचं तेल माहितीपत्रकात सांगितलेलं असतं. ती मापं बहुधा थंड खोलीतली असतात आणि आपल्या उन्हाळ्यात तेल पातळ होतं, म्हणून मार्च ते जून एक पायरी घट्ट तेल घाला.

लायपो ४५ अंशांच्या वरच्या हवेत चार्ज करायची नसते. भुसावळच्या मे महिन्यातली दुपार म्हणजे नेमकी तीच सीमा. सकाळी घरात चार्ज करा आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडू नका. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात लावलेल्या कारमध्ये बॅटरी ठेवू नका. खेळ झाल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेला पॅक परत वापरू नका.

पहिल्या दोन बॅटऱ्या एकाच खुणेभोवती गोल फिरवण्यात घालवा, आधी ज्या बाजूला सोपं जातं त्या बाजूने, मग उलट. दोन्ही बाजूंनी दहा फेऱ्या न थांबता आल्या की दोन खुणा ठेवून आठचा आकडा काढा. बिघाड दिसला तर एका वेळी एकच गोष्ट बदला:

– गाडी सरळ जाताना पुढची चाकं थरथरतात: जायरोचा गेन कमी करा.
– मागचा भाग फार पटकन सुटून गिरकी होते: गेन वाढवा. तरीही होत असेल तर ईएससीचा पंच (सुरुवातीचा झटका) कमी करा, मागची स्प्रिंग मऊ लावा किंवा २०-३० ग्रॅम वजन मागे सरकवा.
– गाडी वळतच नाही, नाक सरळ जातं: वजन थोडं पुढे घ्या किंवा पुढची स्प्रिंग मऊ करा.
– चाकं फिरतात पण गाडी पुढे सरकत नाही: आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, टायर पुसा. फरक पडला नाही तरच वजन मागे घ्या.
– एका बाजूला छान, दुसऱ्या बाजूला नाही: दोन्हीकडचा स्टिअरिंगचा कोन मोजा, मग मागच्या टायरचा व्यास, मग चॅसिस सपाट काचेवर ठेवून पिळलेली आहे का बघा. पिळली असेल तर वरच्या डेकचे स्क्रू सैल करून, गाडी काचेवर दाबून धरून पुन्हा आवळा.